ऑफिस पँट्रीतला खाऊ बदलायचा आहे. 'फोर्टिफाइड' (वरून जीवनसत्त्वं-खनिजं घातलेलं) पुरेसं आहे का?

महापे_पँट्री
चाळीस जणांचं ऑफिस. पँट्रीत फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक किटली, बस. सध्या क्रीम बिस्किटं, कप नूडल्स, ब्राउन ब्रेड-जॅम आणि चॉकलेटी सिरियल येतं. बरेच जण सकाळ-संध्याकाळ यावरच भागवतात. सिरियलच्या खोक्यावर 'लोह व बी12 युक्त' असं लिहिलंय. मग जीवनसत्त्वं-खनिजं मिळतात असं धरायचं का? आधी काय बंद करू?

आहार_ठाणे
धरू नका. कंपनी वरून जेवढं घालते तेवढंच मिळतं. धान्याचा कोंडा आणि अंकुर काढताना गेलेलं मॅग्नेशियम, झिंक, तंतू सहसा परत येत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कणकेत मॅग्नेशियम साधारण 125 मिग्रॅ, मैद्यात 30 च्या आसपास. लोह कणकेत 4 मिग्रॅ, मैद्यात 2 पेक्षा कमी.

दुसरं नुकसान जास्त मोठं. बिस्किटांनी पोट भरलं की उसळ, भाजी, फळ खाल्लंच जात नाही. ब्राझीलच्या 2008-09 च्या आहार पाहणीत अल्ट्रा-प्रोसेस्ड (कारखान्यात बरेच कृत्रिम घटक मिसळून बनवलेल्या) पदार्थांचा वाटा जास्त असलेल्यांच्या आहारात बी12, मॅग्नेशियम आणि झिंक कमी आढळलं. आपल्याकडे त्याच संस्थेच्या 2020 च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज 29 मिग्रॅ लोह हवं, पुरुषाला 19, कॅल्शियम दोघांनाही 1000. हे मैद्यावर जमणं अशक्य आहे.

आधी कप नूडल्स आणि क्रीम बिस्किटं बंद करा. नूडल्सच्या कपावर सोडियमचा आकडा बघा. दिवसभराची मर्यादाच 2000 मिग्रॅ आहे.

लेबलवाचक
घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिले तीन वाचले तरी बरंच कळतं. ब्राउन ब्रेडमध्ये पहिला मैदा आणि पुढे कुठेतरी 150 क्रमांकाचा रंग (म्हणजे कॅरामल) असेल तर तो रंगवलेला पांढरा ब्रेडच. 471 (इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक), 621 (अजिनोमोटो) असे आकडे आणि 'फ्लेवर' दिसले की तो पदार्थ बहुधा अल्ट्रा-प्रोसेस्ड.

पण पाकिटातलं सगळंच वाईट नाही. साधं दही, फुटाणे, कणकेचे खाकरे पाकिटातून येतात आणि उत्तम असतात. उलट बेकरीचा पाव अल्ट्रा-प्रोसेस्ड नसेल, तरी तो मैदाच.

कोपरखैरणेकर
तुमच्या सोयीत बसेल असं: फुटाणे माणशी 30 ग्रॅम (लोह सुमारे 2 मिग्रॅ), भाजलेले शेंगदाणे, साधं दही 200 ग्रॅम (कॅल्शियम अंदाजे 240 मिग्रॅ), बाहेरून उकडून आणलेली अंडी, तिळाचे लाडू. दोन अंड्यांत दिवसाच्या बी12 पैकी निम्म्याच्या आसपास भागतं. अंडी न खाणाऱ्यांनी दूध-दही चुकवू नये, कारण डाळी-भाज्यांत बी12 नसतं. फळांत पेरू घ्या, वाशीच्या एपीएमसी बाजारातून घाऊक स्वस्त पडतो. फुटाण्यांबरोबर पेरू किंवा लिंबू असलं की 'क' जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं.

सगळ्यात मोठी गडबड चहाची होते. चहातली टॅनिनं लोह अडवतात, म्हणून खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर हवं. पावसाळ्यात शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, थोडे-थोडेच आणा. बुरशी आलेले किंवा कडू लागणारे निवडत बसू नका, अख्खा डबा टाका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

महापे_पँट्री
मोडाची मटकी ठेवून पाहिली, दुसऱ्या दिवशी वास येतो. आणि मल्टिव्हिटॅमिनची बाटली पँट्रीत ठेवली तर?

आहार_ठाणे
पाणी राहून जातं, म्हणून वास येतो. 8-10 तास भिजवून चाळणीत पूर्ण निथळा, मगच कापडात बांधा. मोड दिसले की लगेच फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. कच्ची वाढू नका, त्या ओल्या उबेत जंतूही वाढतात. थोडं पाणी घालून, झाकण सैल ठेवून मायक्रोवेव्हमध्ये वाफ येऊन दाणा मऊ होईपर्यंत शिजवा.

सामायिक बाटली नको. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर लागतं. लोह आणि मोठ्या मात्रेचं कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह कमी शोषलं जातं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा पँटोप्राझोलसारख्या आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी12 घटू शकतं. त्यांनी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं आणि मगच गोळी ठरवावी.