नाशिकचा वाईन रूट पुन्हा उभा करायचा, पण चालवणार कोण?

गंगापूररोडवाला (धागाकर्ता):
परवा पुण्याचे पाहुणे घेऊन वाईन रूटवर, म्हणजे वायनरीज (वाईनचे कारखाने) जोडणाऱ्या पर्यटन मार्गावर निघालो. सुला, यॉर्क, सोमा या वायनरीज एकाच पट्ट्यात, गंगापूर धरणाच्या बाजूला. तिथं पार्किंगलाच अर्धा तास गेला. इगतपुरी तालुक्यातल्या वायनरीज आणि दिंडोरीचं शांदों मात्र पाहुण्यांनी ऐकलेलंही नव्हतं. याला रूट म्हणायचं? माझं म्हणणं एवढंच की नाशिकरोड स्टेशनवरून ठरलेल्या वेळेची बस हवी आणि चार-पाच ठिकाणांचं एकच तिकीट. सगळ्या वायनरीज मिळून चालवा, सरकार फक्त परवानग्यांपुरतं. बस नसेल तर चाखणारा माणूसच गाडी हाकत घरी जातो, हे सगळ्यांना माहीत आहे.

निफाडकर:
बस फिरवा हो, पण बाग कोणाची? राज्य सरकारच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आमच्याकडं वाईनच्या जातींची लाट आली. वडिलांनी खायची थॉमसन काढून वाईनची शिराझ लावली. २००९-१०ला मंदी आली आणि करार केलेल्या वायनरीनं माल उचललाच नाही. ही द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. बाजारात कोण विचारतंय? बाग उपटली. तुमच्या तिकिटातला रुपया शेतकऱ्यापर्यंत येतो का, ते आधी सांगा.

मीनल_ठाणे:
पर्यटकाच्या बाजूनं बोलते. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, हिरवंगार होतं, पण घड एकही नाही! तिथल्या मुलानं सांगितलं, छाटणी एप्रिलमध्ये आणि मग ऑक्टोबरमध्ये, माल जानेवारी ते मार्च. हे बुकिंग करताना कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात धबधब्यांसोबत तळघर दाखवा, तोडणी आणि पायानं द्राक्षं तुडवणं हिवाळ्यात. वर्षभर एकच कार्यक्रम विकला की लोक दुसऱ्यांदा येत नाहीत.

त्र्यंबकचा:
तीर्थक्षेत्राच्या जिल्ह्याची ओळख दारूवर नेऊन ठेवायची? जानेवारी २०२२ला सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचं ठरलं तेव्हाही "शेतकऱ्यांसाठी" हाच जप होता. ज्या गावात गाड्या थांबणार, त्या गावच्या ग्रामसभेला विचारणार का कोणी?

गंगापूररोडवाला:
ग्रामसभेला विचारलंच पाहिजे, मान्य. पण येणारे येतातच आहेत, निदान रस्त्यावर धुडगूस तरी कमी होईल. ओळखीचं म्हणाल तर नाशिकला कुंभही आहे आणि चिवडाही, एकानं दुसरं पुसलं गेलेलं नाही.
निफाडकर, तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडं नीट उत्तर नाही. तिकिटात बागेची फेरी असावी आणि तिचे पैसे थेट बागायतदाराला मिळावेत, असं म्हणता येईल. पण वायनरीवाले ऐकतील का, शंका आहे.

निफाडकर:
फेरीचे शंभर रुपये नकोत. मालाचा लेखी भाव द्या, पाच वर्षांचा, आणि नाही उचलला तर भरपाई. मग बस माझ्या बांधावर उभी करा, चहा मी पाजतो.

मीनल_ठाणे:
चहाच पाजा! चालकाला तरी तोच लागतो :)