प्रुफ्रॉकचं ‘प्रेमगीत’: शीर्षक म्हणजे नुसती थट्टा?

रानजाई: काल इथे टी. एस. एलियटच्या ‘जे. आल्फ्रेड प्रुफ्रॉकचं प्रेमगीत’ या इंग्रजी कवितेबद्दल कुणीतरी लिहिलं, ‘एलियटने शीर्षकात प्रेमगीत म्हटलं आणि कवितेत प्रेमच नाही. प्रुफ्रॉकची टर उडवली, विषय संपला.’ राहवलं नाही. तिसऱ्याच ओळीत संध्याकाळ भूल दिलेल्या रोग्यासारखी टेबलावर पडते, हे खरं. पण शीर्षकात प्रेमगीत नसतं तर प्रुफ्रॉक कुणा बाईला प्रेमाचं विचारेल, याची आपण वाटच पाहिली नसती. हा जिन्यावरून मागे फिरायचा विचार करतो, टकलाची काळजी करतो, विचारायचं ते विचारतच नाही. आपण वाट पाहत असतो, म्हणूनच ते जिव्हारी लागतं.

खडूफळा: हे सगळं तुमच्या मनातलं. नाव बघा ना, जे. आल्फ्रेड प्रुफ्रॉक! एलियटच्या जन्मगावी, सेंट लुईसमध्ये, त्या आडनावाचं फर्निचरचं दुकान होतं. ही थट्टा नाही तर काय?

रानजाई: त्या काळात एलियट स्वतः ‘टी. स्टर्न्स एलियट’ अशी सही करायचा. थट्टा असेलच तर आधी स्वतःची.

माजघर: उतारवयात एलियटनेच सांगितलं की इंग्रजी लेखक किपलिंगचं ‘हर दयालचं प्रेमगीत’ हे शीर्षक डोक्यात बसलं नसतं तर हे शीर्षक सुचलं नसतं. किपलिंगच्या कथेत ते गाणं जाळीच्या खिडकीआडून बिसेसा ही कोवळी विधवा गाते, ‘परत ये, नाहीतर मी मरेन’. शेवटी तिचे हात मनगटापासून तोडलेले दिसतात. याला थट्टा म्हणायचं?

खडूफळा: 1915 मध्ये शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकात कविता वाचणाऱ्याला हे कुठून कळणार?

पारावरचा: एम.ए.ला मी ‘शीर्षक करुण आहे’ असं लिहिलं, तर मार्क कापले. ‘आयरनी’ म्हणजे उपरोध, हा शब्द हवा होता म्हणे. गाइडवाल्यांनी कविता मारली.

खडूफळा: मी शिकवतो, म्हणून सांगतो. निम्म्या वर्गाने कविता उघडलेलीच नसते. पास व्हायला गाइड लागतं त्यांना. मास्तरांना शिव्या घालणं सोपं आहे.

पारावरचा: मग वर्गात मोठ्याने वाचून दाखवा की! आमच्या सरांनी एकदाही वाचली नाही, थेट नोट्स. त्या उत्तरपत्रिकेचा राग अजून गेलेला नाही.

खडूफळा: तुमच्या सरांचा हिशेब माझ्याकडे मागू नका.

माजघर: भांडण पुरे. शीर्षक आणि पहिली ओळ यांच्यामध्ये इटालियन कवी दांतेच्या ओळी आहेत, त्यांबद्दल कुणीच बोललं नाही. त्यांत नरकातला गीदो दांतेला म्हणतो, इथून कुणी परत जात नाही, म्हणून तुला सांगतो. कुणाच्या कानावर जाणार नाही या भरवशावरच प्रुफ्रॉकही बोलतोय. प्रेमगीत, आणि ते तिला ऐकू जाऊ नये अशी व्यवस्था!

खडूफळा: बरं, दांतेचा मुद्दा घेतो. ‘नुसती’ थट्टा नाही, एवढंच. पण उपरोध नाही म्हणाल तर ऐकणार नाही.

रानजाई: उपरोध नाही असं मी म्हटलंय कुठे? पहिली पोस्ट पुन्हा वाचा.