पिकलबॉल डबल्स : सर्व्हिस परत आली की आधी कोणी करायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर गेल्या दिवाळीपासून आम्ही पिकलबॉल (छोटी बॅट आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळायचा खेळ) खेळतोय. डबल्सचं कोर्ट दोन्ही खेळांत सारखंच, २० बाय ४४ फूट. त्यामुळे नेट खाली घेतलं, नेटपासून ७ फुटांवर किचनच्या (नेटजवळचा भाग, जिथे उभं राहून चेंडू हवेतच मारता येत नाही) पट्ट्या चिकटवल्या आणि सुरू झालो. खेळ जमलाय, गुण मोजणं जमत नाही. पुढच्या रविवारी सोसायटीच्या मॅचेस आहेत आणि गुण लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

काल आम्ही ५ वर होतो, समोरचे ३ वर. सर्व्हिस त्यांच्याकडून परत आमच्याकडे आली. गेमची पहिली सर्व्हिस मी केली होती, म्हणून एक नंबरची सर्व्हर मी असं मी धरून चालले होते. पण तेव्हा मी डावीकडे होते आणि माझी जोडीदार उजवीकडे. मी तिला सरकवून उजवीकडे आले. समोरचे काका म्हणाले, जागा बदलायची नाही, जी उजवीकडे आहे तिनेच सर्व्हिस करायची. बराच वेळ वाद झाला. शेवटी मीच सर्व्हिस केली, आणि काका गेम संपल्यावर न बोलता घरी गेले. रोज आमच्या आधी येऊन कोर्ट झाडून ठेवणारा माणूस आहे तो. त्यांचं बरोबर असेल तर मला त्यांना तसं सांगायचंय.

आणखी दोन शंका. सुरुवातीला '०-०-२' (आपले गुण, समोरच्यांचे गुण, सर्व्हरचा नंबर) का म्हणतात, '०-०-१' का नाही? आणि सर्व्हिस समोरच्यांची असताना रॅली आम्ही जिंकली तर आम्हाला गुण का नाही?

प्रतिसाद १

ताई, काकांचं बरोबर आहे.

२००६ च्या आधीचं बॅडमिंटन तुमच्यापैकी कोणी खेळलं असेल तर त्यांना विचारा, त्यांना हे लगेच कळेल. तेव्हा गेम १५ चा असायचा आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याने फक्त तुमची सर्व्हिस काढून घेतली. डबल्समध्ये एकाची सर्व्हिस गेली की जोडीदाराची, त्याचीही गेली की मग समोरच्यांकडे. पिकलबॉलचं नेहमीचं स्कोअरिंग अगदी असंच चालतं, गेम तेवढा ११ चा, दोनच्या फरकाने. हा खेळ १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टवरच सुरू झाला, त्यामुळे हे साम्य मला तरी योगायोग वाटत नाही.

आता तुमचा घोटाळा. तिसरा आकडा माणसाला चिकटलेला नसतो. तो त्या पाळीपुरता असतो. सर्व्हिस तुमच्याकडे आली त्या क्षणी जी उजवीकडे उभी आहे ती एक, दुसरी दोन. पुढच्या पाळीत उलटं होऊ शकतं. आणि गेम सुरू करताना तुम्ही '०-०-२' म्हणालात ना? म्हणजे तेव्हाही तुम्ही दोनच होतात!

ते '०-०-२' अशासाठी की आधी सर्व्हिस मिळणाऱ्या जोडीला पहिल्या पाळीत एकच सर्व्हर मिळतो. दोन्ही सर्व्हर मिळाले असते तर समोरच्यांना हात लावायला मिळण्याआधीच ती जोडी पुढे पळाली असती. जुन्या बॅडमिंटनमध्येही हेच होतं.

जागेसाठी एकच गोष्ट धरून ठेवा. गेम सुरू होताना तुम्ही उजवीकडे होतात. तुमच्या जोडीचे गुण सम असतील तेव्हा तुम्ही उजवीकडे, विषम असतील तेव्हा डावीकडे. काल ५ होते, म्हणजे तुमची जागा डावीकडेच होती, सरकायला नको होतं. आपल्याच सर्व्हिसवर गुण मिळाला तरच दोघींनी जागा बदलायची. समोरचे सर्व्हिस करत असताना तुमचे गुण वाढत नाहीत, म्हणून तुम्ही हलायचं नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. सिंगल्समध्ये दोनच आकडे म्हणतात, कारण दुसरा सर्व्हर नाहीच. स्वतःचे गुण सम तर उजवीकडून, विषम तर डावीकडून.

प्रत्येक रॅलीला गुण देणारं रॅली स्कोअरिंगही आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मेजर लीग पिकलबॉल सुरू झाली ती त्याच पद्धतीने. रविवारी कोणती पद्धत ते आधीच फळ्यावर लिहून टाका, नाहीतर आजचं बॅडमिंटन खेळणारी मुलं प्रत्येक रॅलीला गुण मागतील. माझं मत विचाराल तर जुनीच ठेवा. सर्व्हिस करणाऱ्या जोडीला परत आलेला चेंडू टप्पा पडू देऊनच मारावा लागतो, तोवर समोरचे दोघे किचनच्या रेषेवर येऊन उभे असतात. अशा वेळी मिळवलेल्या गुणाला किंमत आहे.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. आता कालचाच गेम बरोबर खेळून बघते, चुकलं तर सांगा.

आम्ही ५, ते ३, सर्व्हिस आमच्याकडे आली. जोडीदार उजवीकडे, तर ती एक: '५-३-१'. आम्ही रॅली जिंकली, ६ झाले, जागा बदलली. आता ती डावीकडून: '६-३-१'. रॅली हरलो. गुण नाही, जागाबदल नाही, सर्व्हिस माझी, मी उजवीकडून: '६-३-२'. पुन्हा हरलो. सर्व्हिस काकांच्या जोडीकडे: '६-३-१'. गेम सुरू होताना काका उजवीकडे होते, त्यांचे ३ विषम, म्हणजे काका डावीकडे आणि सर्व्हिस त्यांच्या जोडीदाराची?

प्रतिसाद १

शेवटचं पुकारणं सोडून सगळं अचूक. सर्व्हिस ज्यांची, त्यांचे गुण आधी. म्हणून '३-६-१'. आणि हो, सर्व्हिस काकांच्या जोडीदाराचीच, उजवीकडून.

गुण लिहिताना प्रत्येक जोडीत सुरुवातीला उजवीकडे कोण होतं त्या नावाभोवती गोल करा. स्पर्धांमध्ये पहिला सर्व्हर ओळखू यावा म्हणून त्याच्या मनगटावर पट्टी असते, तुम्ही रुमाल बांधलात तरी चालेल. वाद झाला की गुण बघायचे, गोल केलेलं नाव बघायचं, कोण कुठे हवं ते तिथेच कळतं. तीन आकडे पूर्ण म्हणून झाल्याशिवाय कोणालाही सर्व्हिस करू देऊ नका.

धागाकर्ती

वहीत आत्ताच रकाने आखले. काकांना फोन करून सांगितलं की तुमचं बरोबर होतं, सर्व्हिस माझी नव्हती. रविवारी दुसऱ्या कोर्टवर गुण लिहायला ते बसतायत.