घाट उतरताना ब्रेक हलका होतो, गॅरेजवाला म्हणतो "ओके आहे". घरच्या घरी काय काय तपासता येईल?

घाटवाली (सातारा)

नमस्कार. मी समर्थ मंदिराजवळ राहते आणि शाळा पेट्रीच्या पुढे. म्हणजे सकाळी यवतेश्वरचा घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. गाडी २०१९ ची, ११० सीसी स्कूटर. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि डावा लिव्हर दाबला की पुढचा-मागचा दोन्ही लागतात तो प्रकार. रीडिंग ३१ हजारांच्या पुढे गेलंय.

तक्रार अशी की गावात ब्रेक छान लागतो. घाट उतरताना मात्र शेवटच्या वळणांना डावा लिव्हर मुठीला टेकायला येतो. खाली येऊन भाजी घेईपर्यंत गाडी उभी राहिली की परत सगळं ठीक. दर सर्व्हिसिंगला सांगते. ते मागचा नट आवळतात, बिलावर "ब्रेक ॲडजस्ट" लिहितात आणि गाडी पॉलिश मारून चकाचक देतात. थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. "मॅडम, घाटात असंच होतं" हे उत्तर आता पाठ झालंय.

हे खरंच "असंच" असतं का? आणि मला स्वतःला काय काय बघता येईल? घरात स्पॅनर धरणारी मीच आहे, त्यामुळे सांगताना संकोच करू नका. इंजिनचा जोर मागच्या चाकाकडे नेणारा बेल्ट बदला असंही ते म्हणतायत. तो खरंच बदलावा लागतो की बिल वाढवायला सांगतात? शनिवारी मुलगी मागे असते, म्हणून जास्त काळजी.

राजवाडा_चौपाटी

एवढं काय त्यात? मी तर यवतेश्वरवरून गाडी बंद करून उतरतो. पेट्रोल वाचतं, इंजिनला आराम. ब्रेक मारत मारत यायचं. नाहीतर डिस्कवाली घ्या नवीन, विषय संपला.

जुना_फिटर (सातारा)

ताई, आधी या भाऊंना उत्तर देतो, कारण हे वाचून उद्या कुणीतरी तसं करायचा.

मोटरसायकल गिअरमध्ये असली की इंजिन चाकाला मागे ओढून धरतं. स्कूटरची गोष्ट वेगळी. तिचे क्लच शू इंजिनच्या फिरण्याने बाहेर फाकतात आणि भोवतीच्या वाटीला धरतात. इंजिन बंद केलं की शू आत मिटतात आणि चाक मोकळं. गाडीचं, माणसाचं, मागच्या पोराचं सगळं वजन मग दोन ड्रमवर. वर, जुन्या बऱ्याच गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेल तोवरच पेटतो. श्रावणात त्या घाटात धुकं किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. बिनलाइटची, बिनआवाजाची गाडी वळणावरून खाली येतेय, हे खालून चढणाऱ्या एसटी ड्रायव्हरला कसं कळावं? माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूने बोलतोय, चालवून घ्या.

आता तुमचा ब्रेक. "घाटात असंच होतं" हे अर्धं खरं. ड्रम तापला की प्रसरण पावतो, त्याला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूपासून लांब जातो, म्हणून लिव्हर जास्त आत जातो. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, फार तापला की त्याची पकडही कमी होते. गार झाला की पुन्हा ठीक. तुमची लक्षणं याचीच आहेत. पण लायनर चांगला असेल तर तेवढ्या उतारावर लिव्हर मुठीला टेकता कामा नये. माझा अंदाज सांगतो, मागचे शू संपलेत आणि नट आवळून वेळ मारून नेली जातेय. नट आवळल्याने लिव्हर वर येतो, लायनरची जाडी येत नाही.

हे बघायला काही खोलावं लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर लावा. मागच्या चाकाच्या बाजूला ब्रेक केबल जिथे संपते तिथे एक लोखंडी पट्टी आहे, तिच्या टोकाला ॲडजस्टिंगचा नट. पट्टीच्या मुळाशी छोटा बाण असतो आणि शेजारी केसिंगवर खूण. मुलीला लिव्हर पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही वाकून बघा. बाण खुणेला भिडला असेल तर शू बदलायचे, नटाला हातसुद्धा लावायचा नाही. केबलचे आटेही बघा. नट पार आत गेलाय आणि त्याच्या मागे आट्यांची लांब दांडी उघडी दिसतेय, तर समजून घ्या. शू फारच झिजले की त्यांना फाकवणारा आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि उलटून अडकू शकतो. मग ब्रेक सुटतच नाही, चाक जाम.

नट फिरवायची वेळ आलीच तर लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ढील राहिली पाहिजे. नटाला अर्धगोल खाच असते, ती पट्टीतल्या पिनेवर नीट बसू द्या. अर्धवट बसली की पहिल्या जोराच्या ब्रेकला ती जागेवर सरकते आणि तुमची ॲडजस्टमेंट गेली. शेवटी चाक हाताने फिरवा. खरखर घासत असेल तर जास्त आवळलाय. असा ब्रेक चढतानाही थोडा लागलेला राहतो, म्हणजे उतार सुरू व्हायच्या आधीच ड्रम गरम. तुमच्याकडे थोडं हेही होत असावं, कारण प्रत्येक वेळी घट्ट करूनच देतायत.

अजून एक. मागच्या रिमच्या आतल्या अंगाला काळा तेलकट ओघळ दिसला तर गिअर ऑइलचं सील गेलंय, ते तेल ड्रममध्ये उतरतं. असा तेल प्यालेला लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवायची काही गॅरेजांना हौस असते. बसवू देऊ नका, सील आणि शू दोन्ही नवे टाका. आणि ड्रममधली धूळ तोंडाने फुंकणारा मेकॅनिक दिसला तर जरा लांब उभ्या राहा.

उतरायची रीत. आम्ही नव्या ड्रायव्हरला सांगायचो की ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर. स्कूटरला ती सोय नाही, म्हणून घाटाच्या वरच्या टप्प्यापासूनच वेग कमी ठेवायचा. लिव्हर हलका दाबून खालपर्यंत धरून यायचं नाही. नीट दाबा, वेग पाडा, सोडा. सोडता तेवढ्यात ड्रम जरा गार होतो. थ्रॉटल पूर्ण बंद असताना वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी एकदम मोकळी धावायला लागते, तुम्हाला ते जाणवत असेल. तेव्हा किंचित थ्रॉटल दिला की क्लच परत धरतो आणि इंजिनचा अडसर मिळतो. उजवा लिव्हरही वापरा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक नाहीतर एबीएस सक्तीचा झाला, आणि तेव्हापासून लोकांनी उजवा हात ब्रेकपुरता रिटायर केलाय. कॉम्बीत पुढचा ब्रेक डाव्या लिव्हरने लागतो खरा, पण पुरा जोर उजव्यानेच येतो.

रविवारी गाडी पुसताना बाकीचं पाहून घ्या. मधल्या स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. मध्यभागी खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांडीचं बेअरिंग, गेला. पुढचं चाक धरून मागे-पुढे ओढल्यावर टक टक हललं तर कोनसेट सैल. मग चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवा, खेळ जाणवला तर चाकाचं बेअरिंग गेलं. ब्रेक लाइट भिंतीकडे पाठ करून बघा, डावा आणि उजवा लिव्हर वेगवेगळा दाबून, कारण स्विच दोन असतात आणि एक गेलेला कळत नाही. लिव्हरच्या मुळाशी केबलचे तार उसवलेत का तेही बघा.

ऑइलची पट्टी सपाटीवर, मधल्या स्टँडवर, गाडी बंद करून थोड्या वेळाने. काही गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, पुस्तकात दिलेलं असतं. ऑइल स्कूटरचं, एमबी लिहिलेलं घ्या. एमए मोटरसायकलसाठी, तिचा क्लच तेलात बुडालेला असतो, आपला कोरडा. गिअर ऑइल वेगळं असतं, जेमतेम १००-१२० मिली. स्वस्त आहे म्हणूनच बहुतेक ते कुणाला आठवत नाही.

बेल्टचं पुढचे कुणी सांगतील, माझं आयुष्य डिझेलमध्ये गेलं.

कृष्णाकाठ (सांगली)

काकांनी ब्रेकचं इतकं सांगितलंय की मी बेल्ट आणि टायरचंच लिहिते. विश्रामबागेतून मिरजेला हॉस्पिटलच्या ड्यूटीला जाते, रात्रपाळी असते.

बेल्ट खरंच बदलावा लागतो. साधारण २० ते २५ हजार किलोमीटरला, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात. ३१ हजार झाले आणि बदललेला नसेल तर ते बिल वाढवत नाहीयेत. तुटायच्या आधी फार काही कळत नाही, तुटला की इंजिन गुरगुरतं आणि गाडी जागच्या जागी. कव्हर काढायला लावून बेल्ट उलटा वाकवून बघा, दातांच्या मधे चिरा दिसतील. तेव्हाच बेल्टच्या पुढच्या पुलीतले रोलर बघून घ्या. एका बाजूने चपटे झाले असतील तर चढाला गाडी रडते. तुमच्या चढाला तर नक्कीच.

हवा आठवड्याला, टायर गार असताना. पंपावरचा मुलगा सगळ्यांना पुढे-मागे सारखीच मारतो, आकडा आपण सांगायचा. माझ्या गाडीच्या स्टिकरवर पुढे २२, मागे एकटीला २९ आणि डबलसीटला ३६ आहे. तुमचा तुम्ही बघा. शनिवारी मुलगी असते तर शुक्रवारी भरून घ्या. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर जुनं झालं की कडक होतं आणि ओल्यात घसरतं. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला.

आमच्याकडे घाट नाहीत, पण गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आहेत. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, आणि निम्मा रस्ता व्यापलेला. म्हणून मी हेडलाइटची काच रोज पुसते आणि दिव्याचा झोत झाडांच्या शेंड्यावर जात नाहीये ना ते बघते. शॉकअप मऊ झाले की मागे माणूस बसल्यावर झोत वर जातो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

कुणी नदीकाठचे वाचत असतील तर हेही. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या गल्लीत लोकांनी बुडालेल्या गाड्या काढल्या आणि थेट स्टार्टर मारला. तसं करू नका. इंजिनमध्ये पाणी असेल तर आतलं वाकतं. आधी बॅटरी सोडवा, ऑइल काढून बघा, दुधाळ चहासारखं आलं तर पाणी गेलंय. एअर फिल्टर, बेल्टचा डबा, दोन्ही ड्रम खोलल्याशिवाय किकसुद्धा नाही.

घाटवाली (सातारा)

काका, बाण खुणेच्या पुढे गेलेला निघाला. आटे तुम्ही लिहिलंत तसेच, उघडे. फोटो काढला आणि दुसऱ्या गॅरेजात नेऊन समोर उभी राहून खोलायला लावलं. पुढचे शू निम्मे शिल्लक, मागचे पार पत्र्यापर्यंत. तेल नव्हतं, सील चांगलं. जुने शू मी मागून घेतले. मुलगा "कशाला हवेत मॅडम" म्हणाला, पण पिशवीत घातलेच, जुन्या गॅरेजात दाखवायचे आहेत.

बेल्टला चिरा होत्या, तो बदलला, रोलरही. चढाला गाडी बदललीय असं वाटतंय. मागच्या टायरवर २०१९ चाच शिक्का, म्हणजे गाडीबरोबर आलेला. पगार झाला की तो.

आता एक शंका. नवे शू टाकूनही ब्रेक मला वाटला होता तेवढा करकचून लागत नाही. लिव्हर वर आहे, पण पकड जुन्यापेक्षा फार वेगळी वाटत नाही. परत काही चुकलं का?

जुना_फिटर (सातारा)

चुकलं नाही. नवा लायनर ड्रमला सगळीकडून टेकत नाही, आधी उंच भागच घासतो. तो बसायला थोडं चालवावं लागतं. दोन-तीन दिवस जमलं तर घाट टाळा, नाहीतर फार सावकाश उतरा. संध्याकाळी कोरेगाव रस्त्याला सपाटीवर जा, मागे कुणी नाही बघून ४० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने वेग पाडा, सोडा, थोडं चालवा, परत तसंच. एकदम करकचून मारून तापवायचा नाही, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ब्रेक नुसता किंचाळतो.

शू बसले की ढील वाढेल, तेव्हा नट थोडा आवळावा लागेल. तो तुम्हीच आवळा, चाक फिरवून बघा. बाण आज कुठे आहे त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी वाद नको.

मागच्या टायरचं मात्र पगारावर ढकलू नका. पाऊस तोंडावर आलाय. पुढचा ठीक असेल तर तो थांबेल, मागचा याच आठवड्यात. आणि मुलीच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच ढिला ठेवा. आमच्या नातीचा छातीवर लोंबत असतो.