घोडी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावते, कोल्हापुरात कुणी जाणकार आहे का? तातडीने मदत हवी

बावड्याचा_स्वार: घोडी आधी एकदम गरीब होती. आता खोगीर दिसलं की कान मागं टाकते, तंग आवळायला गेलं की चावायला येते. काल पंचगंगेच्या काठी दुडकीवरून पुढं काढली तर मागचे पाय झाडले, पुतणी पडता पडता वाचली. घरचे म्हणतात वीक. मला विकायची नाही. लवकर सांगा.

चंदी_खरारा: वय किती? कधीपासून? खोगीर तेच आहे का? नाल कधी मारले?

पन्हाळकर: भावा, लाडावून ठेवलीयस. काटेरी लगाम घाल आणि दोन दिवस दाबून फिरव.

मोतद्दाराचा_नातू: काटेरी लगाम नको, हात जोडतो. आमचा घोडा असाच मारून गप्प केला होता. नंतर पाठीवर गळू फुटलं तेव्हा कळलं तो काय सांगत होता.

जुना_शौकीन: शुभ-अशुभ बघू, अंगावर केसांचे भोवरे कुठं कुठं आहेत? फोटो टाका.

बावड्याचा_स्वार: भोवऱ्यांचं राहू द्या. वय ९. तीन महिने झाले. खोगीर नवीन, म्हणजे जुनं विलायती घेतलंय, महागाचं आहे, त्यामुळं खोगिराचा प्रश्न येत नाही. जरा घट्ट होतं म्हणून खाली दोन जाड नमदे (लोकरीच्या गाद्या) टाकतो.

चंदी_खरारा: अहो, हेच आधी सांगायचं! महाग असलं तरी ते दुसऱ्या घोड्याच्या पाठीचं आहे. अरुंद खोगिराखाली नमदा वाढवला की दाब आणखी वाढतो, घट्ट बुटात दोन मोजे घातल्यासारखं. आज बसू नका. खोगीर नुसतं ठेवा, मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्यावर दोन-तीन बोटं आडवी जातात का बघा. खोगिराची मागची कड शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेकडं जायला नको. कालचा नमदा धुतला नसेल तर उलटा करा. सगळीकडं घाम आणि मधेच कोरडा डाग असेल तर तिथं दाब जास्त पडत असू शकतो.

शिरवळची_विद्यार्थिनी: फक्त खोगिरावर थांबू नका. दात, पोटातले व्रण, पाय, माजाचा काळ, सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्या. घोड्यांच्या डॉक्टर सू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या २४ खुणांची यादी केली आहे: कान, डोळे, शेपटी, तोंड, चाल. ८ किंवा जास्त दिसल्या तर अंग दुखत असण्याची शक्यता मोठी.

पन्हाळकर: शाहू महाराजांच्या पागेत कोण यादी घेऊन फिरत होतं?

मोतद्दाराचा_नातू: जुना मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, खोगीर उतरवलं की पाठीवरून हात फिरवायचा. ती यादी हातातच होती.

बावड्याचा_स्वार: नमदा उलटला. दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे डाग. एक बोटसुद्धा नीट आत जाईना. तिथं दाबलं तर पाठ खाली घेतली. पांढरे केस उगवलेत, मला वाटलं जन्माचे असतील. गेल्या आठवड्यात तंगावरून मी तिला काठीनं मारलं होतं. डॉक्टर रविवारी येतायत. तोवर हातात धरून चालवू का?

चंदी_खरारा: चालवा, हळू. काम बंद आहे तोवर चंदी (दाणा) कमी करा, गवत भरपूर द्या. आणि डॉक्टरांना नमदा तसाच दाखवा, धुऊ नका.