लिव्हर कॅन्सर : ट्रायलची चौकशी निदान झाल्याबरोबरच करावी का?

(सोलापूरकडच्या चौघांचं बोलणं : शहराच्या जुळे सोलापूर आणि पूर्व भागातला एकेक जण, बार्शीची एक लेक आणि वॉर्डातली एक सिस्टर.)

जुळे सोलापूर : आपल्याकडे ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी, म्हटलं की लोक दोनच अर्थ काढतात. एकतर डॉक्टरांनी हात टेकले, नाहीतर आता आपल्यावर प्रयोग करणार. त्यामुळे सगळं करून थकल्यावरच कुणीतरी विचारतं, "मुंबईला काही नवीन औषध निघालंय का?" लिव्हर कॅन्सरमध्ये तोवर दार बंद झालेलं असतं.

हा कॅन्सर बहुतेकदा आधीच सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या लिव्हरमध्ये होतो. म्हणून ट्रायलवाले गाठीबरोबर उरलेलं लिव्हर किती काम करतंय तेही बघतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटातलं पाणी आणि रुग्णाची शुद्ध, या पाचांवरून लिव्हरची 'चाइल्ड-प्यू' श्रेणी ठरते : ए म्हणजे सगळ्यात बरं, सी म्हणजे सगळ्यात वाईट. औषधांच्या मोठ्या ट्रायल्स बहुतेक 'ए'वाल्यांनाच घेतात. पोटात पाणी साठलं, कावीळ वाढली, की नाव बाद. माझ्या मामांचं निदान नुकतंच झालंय, सध्या 'ए' आहे. मी आत्ताच चौकशीला लागलोय आणि प्रत्येकाने तेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्व भाग : दादा, मत चांगलंय, पण ते पगारी माणसाचं आहे. आमच्याकडे यंत्रमागावर हजेरी भरली तर पैसे. पेशंटला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसवायचं, सोबत एक माणूस, दर दोन-तीन आठवड्यांनी. दोघांचा रोज बुडतो. मुंबईत राहायचं कुठं?

आणि शेजारच्या उस्मानाबादची (आताचं धाराशिव) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची ट्रायल आठवा. १,३१,७४६ बायका होत्या. तीन गटांची वेगवेगळी तपासणी झाली, चौथ्या गटाची केलीच नाही. त्या चौथ्या गटात माझी आई असती तर? मला याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

बार्शीची लेक : तुमचा प्रश्न रास्त आहे. त्या चौथ्या गटावरून तज्ज्ञांमध्येही कडाक्याचा वाद झालाय. पण त्याच ट्रायलने २००९ मध्ये दाखवून दिलं, की एचपीव्हीची, म्हणजे तो कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, एकच तपासणी केली तरी त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. आपल्या भागातल्या बायकांमुळे हे जगाला कळलं.

लिव्हरचं म्हणाल तर २००८ साली सोराफेनिब या गोळीच्या ट्रायलचा निकाल छापून आला, तेव्हा तुलनेला बिनऔषधी गोळी होती, कारण त्याआधी आयुष्य वाढवणारं गोळीचं औषधच नव्हतं. सोराफेनिबवाल्यांतले निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्या गटातले निम्मे ७.९ महिन्यांहून जास्त. पुढे २०२० मध्ये अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही औषधांची जोडी आली, तेव्हा दुसऱ्या गटाला सोराफेनिब मिळालं. कुणालाही रिकामं ठेवलं नाही. वर्षभराने नव्या जोडीचे ६७.२ टक्के रुग्ण हयात होते, सोराफेनिबचे ५४.६ टक्के. "मला दुसऱ्या गटात टाकलं तर काय मिळेल?" हे सही करण्याआधी तोंडावर विचारायचं.

वॉर्डातली सिस्टर : जुळे सोलापूरच्या दादांना माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. गाठ लहान असेल, तर आधी ऑपरेशन, गाठ जाळणं किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट होतं का, हे लिव्हरच्या सर्जनला विचारा. बरं होण्याची संधी तिथं आहे. ती सोडून ट्रायलमागे पळणारे नातेवाईक बघितले की जीव तुटतो.

ते शक्य नसेल तर जरूर शोधा. सीटीआरआय (CTRI) ही भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदणी आहे, इंटरनेटवर फुकट बघता येते. तिथं 'हिपॅटोसेल्युलर' (hepatocellular, लिव्हर कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकाराचं नाव) असं इंग्रजीत टाकायचं. भरती चालू आहे का, कुठल्या शहरात आहे, डॉक्टरांचा फोन, सगळं असतं. फोन करताना ताजा सीटी किंवा एमआरआय, एएफपी (या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी), हिपॅटायटिस बी-सीचे रिपोर्ट हाताशी ठेवा. बेव्हासिझुमॅब असेल तर एंडोस्कोपीही मागतात, कारण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव व्हायची भीती असते.

कुणी ट्रायलच्या औषधाचे पैसे मागितले तर उठून या. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, आणि ती ट्रायलमुळे झाली असेल तर भरपाईही.

जुळे सोलापूर : सिस्टर, सर्जनचं मान्य. मामांची गाठ मोठ्या शिरेत गेलीय, ऑपरेशन होणार नाही असं दोघा सर्जननी सांगितलंय, म्हणूनच ही धडपड. पण रोज बुडतो म्हणून विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. प्रवासखर्च काही ट्रायल्स देतात. पहिल्याच फोनवर विचारा, 'नाही' म्हणाले तर निदान कळेल.

पूर्व भाग : खर्च मिळाला तरी बुडालेली हजेरी कोण देणार? माझं म्हणणं कायम आहे, ट्रायल सोलापुरात यायला पाहिजे. पण एक सांगा, आमच्या मावशींना तेलुगूच वाचता येतं. संमतीचा कागद इंग्रजीत पुढं केला तर?

वॉर्डातली सिस्टर : सही करू नका. त्यांना कळेल त्या भाषेत कागद मिळणं हा त्यांचा हक्क आहे. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवावा लागतो. कागद घरी आणा, चार जणांना दाखवा. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. मावशींचे रिपोर्ट कधीचे आहेत?