मदत हवी आहे: बगॅसनंतर काळं पडलेलं आयनिक लिक्विड परत वापरता येईल का?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी उसाच्या बगॅसमधून (रस काढल्यावर उरणारं चिपाड) सेल्युलोज वेगळं काढतेय. विषय मी स्वतः मागून घेतला. आमच्या भागात कारखान्यांच्या आवारात बगॅसचे ढीग लागतात आणि बहुतेक सगळं बॉयलरमध्ये जातं. त्यात साधारण ४० टक्के सेल्युलोज असतं. त्याचा धागा करायची जुनी व्हिस्कोस पद्धत कार्बन डायसल्फाइडवर चालते, आणि त्या वाफांनी कामगारांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. म्हणून आयनिक लिक्विडकडे, म्हणजे कमी तापमानालाच वितळून द्रव होणाऱ्या क्षारांकडे वळले.

२००२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबिन रॉजर्स यांच्या गटानं दाखवलं होतं की ब्युटाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम क्लोराइडमध्ये सेल्युलोज सरळ विरघळतं. क्लोराइड आयन सेल्युलोजच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सोडवतो. आमच्या लॅबमध्ये मिथाइल इमिडॅझोल आणि ब्युटाइल क्लोराइडपासून ते बनवलं, इथाइल अ‍ॅसिटेटनं धुतलं, व्हॅक्यूमखाली वाळवलं. कापूस छान विरघळला, पारदर्शक झाला. बगॅस मात्र ११० अंशांवरही पूर्ण विरघळत नाही आणि द्रावण काकवीसारखं काळं, घट्ट होतं. पाणी घातलं की सेल्युलोज खाली बसतं, तिथवर ठीक.

अडचण पुढे आहे. पाणी उडवून लिक्विड परत मिळवलं, तर त्याचा काळा रंग जात नाही आणि दुसऱ्या खेपेला ते आणखी कमी विरघळवतं. शिवाय एवढं पाणी उडवायला जी वीज जाते ती धरली, तर याला हरित रसायनशास्त्र म्हणायचं कशाच्या जोरावर? नुसतं ‘याची वाफ होत नाही’ एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही. मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की थीसिसमध्ये तेवढं लिहिलं तरी चालेल. मला ते पटत नाही.

लिक्विड शुद्ध कसं करावं? की कोलीन क्लोराइडवाल्या डीप युटेक्टिक सॉल्व्हंटकडे (दोन पदार्थ मिसळले की कमी तापमानाला द्रव होणारं मिश्रण) जावं? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
काळा रंग मुख्यतः लिग्निनचा, म्हणजे बगॅसमध्ये सेल्युलोजला बांधून ठेवणाऱ्या घटकाचा. पुढच्या वेळी नुसतं पाणी न घालता अ‍ॅसिटोन आणि पाणी निम्मं-निम्मं घाला. सेल्युलोज खाली बसेल, लिग्निन द्रावणात राहील. गाळून अ‍ॅसिटोन उडवलं की लिग्निन वेगळं पडतं. अ‍ॅसिटोन कमी तापमानाला उडतं आणि गोळा करून पुन्हा वापरता येतं.
दुसरं, परत मिळवलेल्या लिक्विडमध्ये पाणी किती उरलंय ते कार्ल फिशरनं (पाण्याचा अंश मोजायची चाचणी) मोजा. या क्लोराइडमध्ये १ टक्क्याच्या वर पाणी गेलं की सेल्युलोज नीट विरघळत नाही. तुमची दुसरी खेप बहुधा तिथेच अडते. आणि ते हवेतला ओलावा ओढतं, पावसाळ्यात बाटली उघडी ठेवू नका.

प्रतिसाद २
मी उद्योगात आहे. काही न उडवता वेगळं करण्याचं एक उदाहरण देतो: बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या बेसिल प्रक्रियेत अभिक्रियेत निघणारं आम्ल मिथाइल इमिडॅझोल पकडतं. त्यातून जो क्षार बनतो तो ७५ अंशांना वितळतो आणि त्याचा आपोआप वेगळा थर होतो. थर वेगळा काढला की काम झालं, काही उडवावं लागत नाही. तुमचा प्रश्न योग्य जागी आहे: वेगळं करण्याचा खर्च मोजल्याशिवाय हरित म्हणू नये.
कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्ल घेतलंत तर उलटं होईल, लिग्निन विरघळेल आणि सेल्युलोज घन राहील. बगॅससाठी मी तेच आधी करून पाहीन. फक्त कोंबडीखाद्याच्या दुकानातलं स्वस्त कोलीन क्लोराइड आणू नका, ते बहुधा मक्याच्या भुशावर चढवलेलं असतं.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. कार्ल फिशर आमच्याकडे नाही, शेजारच्या फार्मसी कॉलेजात विचारते. आधी लॅक्टिक आम्लानं लिग्निन काढून, उरलेला घन भाग आयनिक लिक्विडमध्ये विरघळवला तर? त्यात आम्लाचा अंश राहिला तर सेल्युलोजच्या साखळ्या तुटतील का? धुण्यासाठी पाणी किती लागतं, याचा कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.